कोरडी, दमट, ओली

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. जवळच्या पर्जन्यमापकाचा २४ तासांचा आकडा दर तासाला उचलायचा आणि तो ५० मिलिमीटरच्या वर गेला की आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रूपवर मेसेज टाकायचा: 'तळमजला, सामान वर घ्या.' बस्स, एवढंच काम. आम्ही कोपरला राहतो, रेल्वेलाइन आणि खाडीच्या मधल्या सखल पट्ट्यात. इथे तळमजल्यावर राहणाऱ्याला या मेसेजचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पहिला मेसेज मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात गेला. आकडा होता ५३. लोकांनी रात्री दीड वाजता गाद्या, सिलिंडर, मुलांची दप्तरं माळ्यावर चढवली. पाणी आलंच नाही. रस्त्यावरचं डबकंसुद्धा सकाळपर्यंत आटलं होतं. मग जुलै लागला आणि मेसेज एक दिवसाआड जाऊ लागले. लोकांनी ग्रूप म्यूट केला, एक-दोघांनी मला जिन्यात टोमणे मारले. मी आकडा बदलला. हवामान खात्याच्या व्याख्येत मुसळधार पाऊस ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो, म्हणून मीही तोच आकडा घातला.

त्यानंतर नऊ-दहा दिवस पाऊस असा लागून राहिला होता की कपडे इस्त्रीने वाळवावे लागत होते. अशाच एका रात्री ६३ मिलिमीटर पडला. स्क्रिप्ट गप्प राहिली. पहाटे चारला तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात गुडघाभर पाणी होतं. काकू पोळी-भाजी केंद्र चालवतात. पिठाची पोती, फ्रीज, मिक्सर, सगळं गेलं. सकाळी मी बादली घेऊन मदतीला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझा मेसेज नव्हता ना आला रे, म्हणून झोपलो आम्ही."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे काही दिवस मी जे मला येतं तेच केलं: बग शोधला. कोड ठीक होता, आकडेही बरोबर होते. आधी भरतीवर संशय घेतला आणि वेळापत्रक काढून पाहिलं. दोन्ही रात्री भरती होती, जूनमधली तर थोडी मोठीच. गटार दोन्ही वेळा तितकंच तुंबलेलं होतं. म्हणजे ५३ मिलिमीटरला काहीच नाही आणि ६३ ला गुडघाभर. दहा मिलिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेराच्या निम्मी उंची. तेवढ्याने एवढा फरक कसा पडेल?

आजीला विचारलं. तिचं माहेर कर्जतकडचं, भातशेतीतलं. तिने माझ्या लॅपटॉपकडे न बघता सांगितलं, "अरे, जूनचा पाऊस जमिनीचा असतो. ती पोटभर प्यायली की मग नदीचा."

सिव्हिलला असलेल्या मित्राला मी हेच वाक्य गंमत म्हणून पाठवलं. उत्तरादाखल त्याने जलविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातल्या दोन पानांचे फोटो पाठवले. आजी जे म्हणत होती त्याचा तक्ता त्यात होता. तो सव्वाशे वर्षांपेक्षा जुना होता आणि महाराष्ट्राच्या मातीवरच तयार झाला होता.

नागपूर, १८६९

अलेक्झांडर बिनी हा ब्रिटिश अभियंता पुढे लंडन काउंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला. थेम्सखालून जाणारा ब्लॅकवॉल बोगदा त्याच्या कारकिर्दीतला. पण त्याआधी तो नागपुरात होता आणि त्याच्यापुढे साधा वाटणारा एक प्रश्न होता: शहराला पाणी द्यायचं तर तलावात वर्षाला किती पाणी येईल? पाऊस मोजता येतो, पण पडलेला सगळा पाऊस काही तलावात पोचत नाही. मग किती पोचतो?

बिनीने अंदाज न बांधता मोजायला घेतलं. नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या एका छोट्या पाणलोट क्षेत्रात त्याने १८६९ आणि १८७२ या दोन पावसाळ्यांत पडलेलं पाणी आणि वाहून आलेलं पाणी, दोन्हींची नोंद ठेवली. मोसम सुरू झाल्यापासून एकूण किती पडलं आणि त्यातलं एकूण किती वाहून आलं, असा आलेख काढला. दोन्ही वर्षांच्या रेषा जवळपास सारख्या निघाल्या. लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेच्या इतिवृत्तात त्याचा निबंध छापला गेला. त्यातून निघालेले आकडे 'बिनीची टक्केवारी' म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांत आजही आहेत आणि विदर्भ-मध्य प्रदेशातल्या तलावांच्या हिशेबांत ते अनेक वर्षं वापरले गेले.

ती टक्केवारी अशी: ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातला १५ टक्के वाहून येतो, १००० मिलिमीटर झाला तर ३८ टक्के. वरवर पाहता कंटाळवाणा तक्ता. पण एक वजाबाकी करून बघा. पहिल्या ५०० मधून आले ७५ मिलिमीटर. पूर्ण १००० मधून आले ३८०. म्हणजे ढोबळमानाने दुसऱ्या ५०० मधून आले ३०५. पाऊस तेवढाच, जमीन तीच, पण वाहणारं पाणी चौपट.

नागपूरची काळी माती ज्यांनी मे महिन्यात पाहिली आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. उन्हाने तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांत गडप होतो. मग माती फुगते, भेगा मिटतात, कणांमधली हवेची जागा पाणी घेतं. त्यानंतर आलेल्या थेंबाला आत जायला वाटच उरत नाही. तो उताराला लागतो.

स्ट्रेंजचं स्टेट मशीन

दुसऱ्या फोटोतलं पान डब्ल्यू. एल. स्ट्रेंज याचं होतं. १८९२ मध्ये त्याने आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या पाऊसपाण्याच्या नोंदींवरून तक्ते तयार केले. बिनीने मोसमाचा हिशेब मांडला होता, स्ट्रेंज एकेका दिवसावर उतरला. आज अमुक पाऊस पडला तर आज किती पाणी वाहील? त्याचं उत्तर: ते आज जमीन कशी आहे यावर ठरेल. त्याने जमिनीच्या तीन अवस्था धरल्या: कोरडी, दमट, ओली.

२५ मिलिमीटर पाऊस कोरड्या जमिनीवर पडला तर ३ टक्के वाहतो, दमट जमिनीवर ११ टक्के, ओल्या जमिनीवर १८ टक्के. पाऊस वाढला की तफावत टक्क्यांत नाही, थेट पाण्यात दिसते. ५१ मिलिमीटर कोरड्या जमिनीवर: १० टक्के. ६४ मिलिमीटर ओल्या जमिनीवर: ४३ टक्के.

माझ्या दोन रात्री जवळपास याच दोन रकान्यांत बसत होत्या. जूनची रात्र: ५३ मिलिमीटर, कोरडी जमीन, वाहिलं सुमारे ५ मिलिमीटर. जुलैची रात्र: ६३ मिलिमीटर, ओली जमीन, वाहिलं सुमारे २७. आकाशातून फक्त दहा मिलिमीटर जास्त आलं होतं, पण जमिनीवरून पाचपट पाणी निघालं होतं. बग सापडला. मी आकाश मोजत होतो, जमीन मोजतच नव्हतो.

तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांच्यासाठी यातला सर्वांत सुंदर भाग पुढे आहे. मातीत कुठलंही यंत्र न खुपसता ती कोणत्या अवस्थेत आहे हे कसं ओळखायचं? स्ट्रेंजचे नियम असे: मागच्या एका दिवसात ६ मिलिमीटर, किंवा तीन दिवसांत १२, किंवा सात दिवसांत २५, किंवा दहा दिवसांत ३८ पडला असेल, तर कोरडी जमीन दमट झाली असं धरा. एका दिवसात ८, किंवा दोन दिवसांत १२, किंवा तीन दिवसांत २५, किंवा पाच दिवसांत ३८ पडला असेल, तर दमट जमीन ओली धरा. आणि एकाच दिवसात ६४ पडला, तर कोरडी जमीन थेट ओली. हे सरळसरळ स्टेट मशीन आहे. तीन अवस्था आणि एकीतून दुसरीत जायच्या अटी. पायथॉनमध्ये तीसेक ओळी होतात. अमेरिकेच्या मृदा संधारण खात्याची याच कल्पनेवरची पद्धत १९५० च्या दशकातली. ती आज जगभर शिकवली जाते आणि तीही मागच्या पाच दिवसांच्या पावसावरून जमिनीचे तीन वर्ग करते.

मग हे ज्ञान आपल्या फोनपर्यंत का आलं नाही? मला वाटतं, याचं एक कारण स्ट्रेंजच्याच तक्त्यात आहे. त्याने पाणलोट क्षेत्रांची 'चांगलं', 'मध्यम' आणि 'वाईट' अशी वर्गवारी केली. चांगलं म्हणजे झाडझाडोरा नसलेलं, कठीण जमिनीचं, जिथून पाणी धडाधड वाहून येतं. वाईट म्हणजे दाट जंगलाचं, भुसभुशीत मातीचं, जे पाणी पिऊन टाकतं. या माणसांना तलाव भरायचे होते. त्यांची भीती दुष्काळाची होती, पुराची नव्हती. मातीत मुरलेलं पाणी त्यांच्या वहीत 'घट' या सदरात जायचं. काकूंच्या पिठाच्या पोत्यांच्या बाजूने पाहिलं की तोच तक्ता उलटा वाचावा लागतो.

उल्हासच्या वरच्या अंगाला

कोपरचं पाणी कोपरात जन्मत नाही. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणला येते. काळू आणि भातसा यांचं पाणीही कल्याणच्या आसपास तिला मिळतं. पुढे ती खाडी होऊन डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्र्याजवळून ठाण्याकडे जाते. वरच्या डोंगरांवर मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. असा थर पटकन भरतो. एकदा भरला की उतारावर, घराच्या जमिनीतसुद्धा उपळ फुटते. गावातले लोक म्हणतात, जमीन आता पाणी घेत नाही.

घाटातल्या या हिशेबाचंही एक जुनं सूत्र आहे. इंग्लिस आणि डिसोझा यांनी १९२९ मध्ये पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणांच्या मोजणीवरून ते मांडलं. यातल्या इंग्लिस यांचं नाव पुढे खडकवासल्याच्या जलसंशोधन केंद्राशी जोडलं गेलं. सूत्र असं: घाटातल्या वर्षभराच्या पावसाला ०.८५ ने गुणा आणि त्यातून ३०.५ सेंटिमीटर वजा करा. जिथे ३५० सेंटिमीटर पाऊस पडतो तिथे २६७ सेंटिमीटर वाहून येतं, म्हणजे तीन चतुर्थांशांहून जास्त. वजा केलेले ३०.५ सेंटिमीटर म्हणजे बरोबर एक फूट. मला ते आजीच्या भाषेत वाचता येतं: पहिला फूटभर पाऊस जमिनीचा.

२०१९ आठवून बघा. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २५ जूनला, म्हणजे बराच उशिरा पोचला. मग जुलैभर पडला. २७ जुलैला उल्हास पात्राबाहेर आली आणि बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आठच दिवसांनी, ४ ऑगस्टला, पुन्हा पूर. खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावातल्या ५८ जणांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने उचललं. त्याच आठवड्यात घाटापलीकडे कृष्णा-पंचगंगेला महापूर आला आणि सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धरणांचे विसर्ग, नदीपात्रातली बांधकामं, पावसाचा जोर, या सगळ्यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण स्ट्रेंजच्या नियमांनी पाहिलं तर ४ ऑगस्टच्या सकाळी या खोऱ्यांची जमीन 'ओली' सोडून दुसऱ्या कुठल्या अवस्थेत असूच शकत नव्हती. त्या दिवशीचा पाऊस पडायच्या आधीच अर्धा पूर जमिनीत भरून ठेवलेला होता.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. सगळ्या पुरांना हे लागू होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, आणि त्याच काळात कुलाब्याला फक्त ७३. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, शाळेतून बाबांच्या खांद्यावर घरी आलो होतो. तेवढ्या पावसापुढे कोरड्या जमिनीचंही काही चालत नाही, स्ट्रेंजच्या ६४ मिलिमीटरच्या अटीचा अर्थच तो आहे. मातीची ओल निर्णायक ठरते ती मधल्या पावसांत. पन्नास, साठ, ऐंशी, शंभर. म्हणजे जे पाऊस दर वर्षी पडतात, ज्यांची बातमी होत नाही आणि ज्यांत पोळी-भाजी केंद्रं बुडतात.

माती पाऊसही आणते

आतापर्यंत पाऊस वरून आला आणि मातीने ठरवलं त्याचं पुढे काय होणार. पण माती पावसावर उलटही परिणाम करते. ओल्या मातीतून आणि तिच्यावरच्या पिकांतून पाण्याची वाफ होते. ती वाफ हवेत जाते आणि त्यातली काही पुन्हा पाऊस होऊन पडते. कोरड्या मातीवर सूर्याची तीच उष्णता वाफेत न जाता हवा तापवण्यात जाते.

२००४ मध्ये रँडल कॉस्टर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक नकाशा छापला. डझनभर हवामान-मॉडेलं एकत्र चालवून त्यांनी पाहिलं होतं की जगात कुठे मातीच्या ओलीचा पावसावर जास्त प्रभाव पडतो. ठळक जागा मोजक्याच निघाल्या: अमेरिकेची मधली मैदानं, आफ्रिकेतला साहेल आणि भारत. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवलं की मोसमाच्या उत्तरार्धात गंगेच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचा पाचवा ते चौथा हिस्सा जमिनीवरूनच उठलेल्या वाफेचा असतो. समुद्राने एकदा दिलेलं पाणी जमीन हातउसनं घेऊन फिरवते.

आपल्या कोकणाला यातलं फारसं लागू नाही. आपला पाऊस थेट अरबी समुद्राचा, सह्याद्रीला धडकून पडणारा. पण विदर्भ-मराठवाड्यात जूनमध्ये जमीन किती भिजली आणि त्यावर ऑगस्टमध्ये काय होईल हे प्रश्न अगदी सुटे नाहीत. तिथल्या शेतकऱ्याला ओलीचं महत्त्व सांगायला उपग्रह लागत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दर वर्षी सांगतं. ओल किती बोटं खाली गेली ते शेतकरी माती उकरून बघतो. ना चिखल ना ढेकूळ, अशा नेमक्या ओलीला मराठीत 'वापसा' असा एक स्वतंत्र शब्द आहे.

उपग्रहही आता आहेत. युरोपचा स्मॉस २००९ मध्ये गेला, नासाचा स्मॅप २०१५ मध्ये. तो मातीच्या वरच्या पाच सेंटिमीटरमधली ओल मोजतो. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसारच्या कामांतही मातीची ओल आहे. हवामान खात्याने २०२० मध्ये दक्षिण आशियासाठी अचानक येणाऱ्या पुरांची मार्गदर्शन यंत्रणा सुरू केली. तिच्यात पावसाबरोबर जमीन किती भरलेली आहे हेही धरलं जातं. म्हणजे बिनी आणि स्ट्रेंजची कल्पना परत आली आहे. आपल्या फोनवर मात्र अजून रंग आणि मिलिमीटर येतात.

शून्य पूर्णांक पाच

आता राहिलं आमचं कोपर. इथे जमीन ओली की कोरडी हा प्रश्न विचारायला आधी जमीन लागते.

मुंबईचे जुने पावसाळी नाले ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेले होते हे तुम्ही दर पावसाळ्यात ऐकता. त्या आखणीत आणखी एक आकडा होता: ०.५. पडलेल्या पावसातलं निम्मंच पाणी नाल्यात येईल, उरलेलं निम्मं मातीत मुरेल, असं त्यात धरलेलं होतं. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने पाऊस ताशी ५० मिलिमीटर धरायला सांगितला आणि ०.५ च्या जागी १ घातला. एक म्हणजे सगळंच पाणी वाहणार. शहरात माती उरली नाही, याची ही सर्वांत कोरडी सरकारी नोंद असावी.

कोपरचंही तेच झालं, फक्त उशिरा. खाडीकाठची खाजणं आणि खार जमिनी तशाही पाणी पिणाऱ्या नव्हत्या, त्या कायमच भिजलेल्या. त्यांचा उपयोग वेगळा होता: पाण्याला पसरायला जागा. बांध घालून, उघाडीतून भरतीचं पाणी अडवून त्यांत भात पिकायचा, आणि जास्तीचं पाणी दोन दिवस तिथेच उभं राहायचं. मग भराव पडला. आमची बिल्डिंग अशाच भरावावर उभी आहे. अंगणात पेव्हर ब्लॉक आहेत, आणि ते बसवायला सोसायटीच्या सभेत माझ्या बाबांनीच हात वर केला होता, चिखल होतो म्हणून. आमच्या अंगणासाठी स्ट्रेंजचा तक्ता लागतच नाही. तिथे बाराही महिने 'ओली'.

तरीही मी स्क्रिप्ट बदलली. आता ती बदलापूर आणि कर्जतकडचे मागच्या दहा दिवसांचे आकडे घेते, स्ट्रेंजच्या नियमांनी वरच्या खोऱ्याची अवस्था ठरवते आणि पडलेल्या नव्हे, वाहणाऱ्या पाण्याचा अंदाज काढते. भरतीची वेळही जोडली आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत तिने थोडेच मेसेज टाकले. त्यातले काही फुकट गेले आणि एकदा पाणी खरंच पायरीपर्यंत येऊन परतलं. एवढ्यावरून ती पद्धत सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही. बिनीनेही दोन पावसाळे मोजले होते, पण त्याची मोजणी माझ्यापेक्षा बरीच नीट होती.

काकूंनी नवा फ्रीज घेतला, तो दोन फुटी लोखंडी स्टँडवर ठेवलाय. त्या आता मेसेजची वाट बघत नाहीत. जुलैमध्ये जिन्यात भेटल्या की त्याच आधी विचारतात, "काय रे, जमीन भरली का कर्जतची?"

मी फोन काढतो आणि सांगतो, "दमट आहे काकू. अजून दोन दिवस आहेत."